विनोदाची किंमत कोण मोजतो?

सरदारजींवरील विनोदांच्या प्रसारावर बंदी घालावी, अशी मागणी करणारी एक याचिका २०१५ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली होती. या विनोदांपायी आपल्या मुलांना नावापुढे ‘सिंग’ आणि ‘कौर’ लावणेही नकोसे झाले आहे, असे याचिका करणाऱ्या वकील महिलेचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायालयाने असमर्थता व्यक्त केली. नागरिकांच्या वर्तनासाठी नैतिक दंडक घालून देणे न्यायालयाला शक्य नाही, आणि घालून दिलेच तर त्यांची अंमलबजावणी कोण करणार, असा रोकडा सवाल त्याने केला.

न्यायालयाचे म्हणणे ग्राह्यच मानले पाहिजे. हसण्यावर पहारा बसविण्याइतकी हास्यास्पद गोष्ट दुसरी नसेल. परंतु जे कायद्याने थांबविता येत नाही ते निरुपद्रवीच असते, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. आणि कचेऱ्यांतून व शिक्षकांच्या खोल्यांतून नेमका तोच काढला जातो. खुद्द खुशवंतसिंगांनी सरदारजींच्या विनोदांची पुस्तके काढली, मग इतर हसले तर बिघडले कुठे, हा त्यावरचा ठरलेला युक्तिवाद. पण घरच्याने घरच्यांची थट्टा करणे आणि परक्याने दारात उभे राहून ती करणे यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागू नये.

पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांची यथेच्छ थट्टा केली, आणि तिला पुणेकरही खळखळून हसले. याचे कारण उघड आहे. दुपारच्या झोपेवरून कितीही कोट्या झाल्या तरी त्यापायी पुणेकराचे कर्ज नामंजूर होत नाही, की भाड्याची खोली मिळायची राहत नाही. ज्या समूहाच्या गाठीशी प्रतिष्ठेची भरपूर शिल्लक आहे त्याला एवढा किरकोळ खर्च सहज परवडतो. प्रश्न आहे तो ज्यांचे खातेच मुळात रिते आहे त्यांचा.

अर्थशास्त्र या प्रश्नाकडे भावना दुखावण्याच्या अंगाने पाहत नाही. एडमंड फेल्प्स यांनी १९७२ साली मांडलेला विचार असा, की नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची खरी कुवत ठाऊक नसते आणि ती जोखण्यास वेळ व पैसा लागतो. म्हणून तो समूहाविषयीची सरासरी समजूत व्यक्तीला लावून मोकळा होतो. फेल्प्स यांच्या मांडणीत ही समजूत अनुभवातून आलेली असू शकते. व्यवहारात मात्र ती पुष्कळदा ऐकीव असते, आणि ऐकीव समजूत घरोघर पोचविणारे विनोदाइतके स्वस्त वाहन नाही. ‘बिहारी तेवढे अडाणी’ असे कोणी विधान केले तर त्याला पुरावा विचारता येतो. तेच विनोद म्हणून सांगितले, की पुरावा विचारणारा अरसिक ठरतो! सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज धाडले होते. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढची बोलावणी कमी आली.

याहून अस्वस्थ करणारा प्रयोग कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा. उत्तर प्रदेशातील खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या मुलांना त्यांनी कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. सुटेल त्या कोड्यामागे पैसे होते. जात उच्चारली गेली नाही तेव्हा कनिष्ठ मानलेल्या जातींची मुले इतरांच्या बरोबरीने कोडी सोडवीत होती. सर्वांदेखत जात जाहीर होताच त्यांची कामगिरी घसरली. कोडी तीच होती.

हा प्रयोग विनोदाचा नव्हता, हे खरे. तेथे जात एकदाच पुकारली गेली. विनोद समूहाचे नाव रोज पुकारतो, आणि तेही त्याला चिकटविलेल्या दोषासकट. शाळेच्या स्नेहसंमेलनात बारा वाजल्याची कोटी होते तेव्हा पटका बांधलेला एखादा मुलगा समोर असतोच असे नाही. असलाच तर तोही इतरांबरोबर हसतो, आणि ते हसणे ही त्याची संमती समजली जाते.