दुभाष्या आणि प्रसादाचा डबा

आजी इथे आली की औषधाच्या दुकानात तिचे दुभाषी आपणच, नाही का? संगणकातही असा एक दुभाष्या असतो. त्याचं नाव कंपायलर. ग्रेस हॉपर यांनी १९५२ साली ‘ए-०’ हा अगदी सुरुवातीचा कंपायलर तयार केला.

आमच्या मोठ्या गटाने शब्दखेळाचं एक पान ‘जेएसपी’ पद्धतीने लिहिलं. अशा पानात मजकूर आणि जावा भाषेतल्या सूचना एकत्र असतात. मिसळलेले डाळ-तांदूळ निवडावेत, तशा कोनी कंस व टक्क्याच्या खुणांमधल्या सूचना आधी ओळखून वेगळ्या काढतात. उरलेल्या मजकुरासाठी ‘हे जसंच्या तसं छाप’ अशी सूचना तयार होते. मग सगळ्यांचा, मूळ क्रमानेच, एक जावा प्रोग्राम बनतो.

तो चालताना पुन्हा पुन्हा लागणारा भाग यंत्राच्या भाषेत आणला जातो. प्रोग्राम सतत लहानसहान ऑब्जेक्ट, म्हणजे वस्तू, तयार करतो. प्रत्येकीला मेमरीत जागा हवी. इथे दुभाष्या बघतो: ही वस्तू या कामाबाहेर जाणार का? प्रसाद तिथेच खायचा तर तळहात पुरे. घरी न्यायचा तर डबा हवा. बाहेर न जाणाऱ्या वस्तूतले आकडे तो सुटे ठेवतो आणि डबा वाचवतो. शंका आली, तर मात्र डबा घ्यायचाच!

कारण वेग वाढला आणि उत्तर चुकलं, तर काय उपयोग? आजीला ‘जेवणानंतर घ्या’ऐवजी नुसतं ‘घ्या’ सांगितलं, तर एक शब्द वाचेल. पण त्रास आजीला होईल.