नव्या मोटारीतील मूळदोष आणि ग्राहकाचा हक्क

मध्यम स्थितीतील कुटुंबाच्या आयुष्यात घराच्या खालोखाल मोठी खरेदी कोणती, असे विचारल्यास बहुतेकांचे उत्तर मोटार हेच येईल. पाच-सात वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊन ती दारात येते. तिला हार घातला जातो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, शेजारी पेढे वाटले जातात. अशी ही कौतुकाची वस्तू दुसऱ्याच महिन्यात भर रस्त्यात बंद पडते. यंत्र आहे, एखादे वेळी बिघडणारच, असे म्हणून वडील ती कार्यशाळेत नेतात. पंधरा दिवसांनी तोच बिघाड, पुन्हा तीच खेप. अशा वेळी कायदा ग्राहकाच्या पाठीशी किती आणि कसा उभा राहतो, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम बिघाड आणि मूळदोष यांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. समजा, इंजिन वरचेवर तापते. कार्यशाळेत थंडावा देणारे द्रव भरून देतात आणि काटा खाली येतो. काही दिवसांनी द्रव पुन्हा कमी होते. मग नळी बदलतात, नंतर पंप बदलतात. परंतु इंजिनाच्या माथ्याच्या ओतकामातच जर एखादी बारीक भेग राहिली असेल, तर नळ्या किती बदलल्या तरी द्रव त्या भेगेतून जातच राहणार. नळी झिजणे हा वापराचा परिणाम होय. भेग मात्र मोटारीबरोबर कारखान्यातूनच आली. ती तशी आली, हे दाखवून देण्यावर पुढील सारा न्याय अवलंबून असतो.

खरेदीदाराने आपले डोळे उघडे ठेवावेत, हे व्यापाराच्या कायद्याचे जुने सूत्र. १९३० च्या मालविक्री कायद्याने त्याला काही अपवाद जोडले. तथापि दिवाणी न्यायालयाची पायरी सामान्य माणसाला परवडणारी नव्हती. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, तेव्हा 'ग्राहक' या शब्दाला मराठीत नवे वजन आले. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. या कायद्यान्वये आयोग विक्रेत्यास वा उत्पादकास दोष दूर करण्याचा, निर्दोष नवी वस्तू देण्याचा, किंमत व्याजासह परत करण्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो.

'शकतो' हा शब्द मी मुद्दाम योजला आहे. चाकाखाली लिंबू चिरडून आपण दृष्ट काढतो. अमेरिकेत मात्र अशा सदोष मोटारीलाच 'लिंबू' म्हणतात, आणि तेथील या विषयाचे कायदे त्याच नावाने ओळखले जातात. त्यांतील पहिला १९८२ साली कनेक्टिकट राज्यात झाला. एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती करूनही तो न गेल्यास, किंवा मोटार एकूण तीस दिवस कार्यशाळेत पडून राहिल्यास, उत्पादकाला दुरुस्तीची वाजवी संधी मिळाली असे तेथे गृहीत धरतात. आपल्या कायद्यात असा आकडा नाही. चार खेपा झाल्या म्हणून नवी मोटार, असे गणित येथे चालत नाही. सिद्ध करण्याचा भार प्रायः ग्राहकावरच पडतो. ही उणीव आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हमीपत्राचा करारही बारकाईने वाचावा. ते बहुधा इंग्रजीत असते. घरातील इंग्रजी वाचणाऱ्या मुलामुलींनी ते वडीलधाऱ्यांना समजावून सांगावे. त्यात सामान्यतः सदोष भाग दुरुस्त करून वा बदलून देण्याचे वचन असते; मोटार बदलून देण्याचे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये याच आधारावर, भाग बदलून दोष जाण्याजोगा असेल तर सबंध मोटार बदलून देण्याचा आदेश योग्य नव्हे, असा निर्णय दिला. उलट २०१० मधील एका प्रकरणात इंजिनातून विचित्र आवाज येत असे. तेथे त्याच न्यायालयाने, स्वतंत्र तज्ज्ञाने मूळदोष असल्याचे सांगितल्यास किंमत व्याजासह परत करावी, असे ठरविले. दोन्ही निर्णय एकत्र वाचले म्हणजे तज्ज्ञाच्या अहवालाचे महत्त्व ध्यानी येते. असा तपास करविण्याचा अधिकार आयोगास आहे. त्याचे शुल्क मात्र तक्रारदारास भरावे लागू शकते.

अहवालाइतकेच महत्त्व कार्यशाळेतील 'जॉब कार्ड'चे आहे. तक्रार असते 'चढावर गिअर सुटतो' अशी, आणि कार्डावर उमटते 'सर्वसाधारण तपासणी'! मग पाच खेपा होऊनही कागदावर दोषाचे नाव नसते. म्हणून तक्रार आपल्याच शब्दांत लिहवून घ्यावी, मोटार दिल्याची व परत मिळाल्याची तारीख आणि किलोमीटरचा आकडा नोंदवून घ्यावा, आणि दोष कायम असेल तर स्वाक्षरी करताना तसे लिहावे. किलोमीटरचा आकडा दुधारी असतो, हेही येथे सांगितले पाहिजे: वर्षभरात वीस हजार किलोमीटर धावलेली मोटार मुळातच सदोष कशी, असा युक्तिवाद उत्पादक हमखास करतो.

तक्रार कोणाविरुद्ध करावी? विक्रेता आणि उत्पादक या दोघांविरुद्ध. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ साली नवी म्हणून दिलेली मोटार वस्तुतः २००९ ची आणि सहाशेहून अधिक किलोमीटर धावलेली निघाली. त्या खटल्यात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने, विक्रेत्याच्या या कृत्याची उत्पादकास माहिती होती हे सिद्ध न झाल्याने, उत्पादकास जबाबदारीतून मुक्त केले. म्हणून प्रत्येक तक्रारपत्राची प्रत उत्पादकासही पाठवीत जावी.

तक्रार कोठे करावी, याविषयीची २०१९ च्या कायद्यातील तरतूद आम्हा सीमाभागातील लोकांना विशेष उपयोगी आहे. बेळगावच्या कुटुंबाने कोल्हापुरास मोटार घेतली तरी तक्रार बेळगावच्या जिल्हा आयोगापुढे करता येते. ग्राहक जेथे राहतो वा कामधंदा करतो, तेथील आयोग ती ऐकू शकतो. पन्नास लाख रुपयांपर्यंत मोबदला दिला असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि दहा ते वीस लाखांच्या मोटारीसाठी अवघे चारशे रुपये. वकील देणे सक्तीचे नाही. त्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर दूरध्वनी करून पाहावा. पुष्कळदा तेवढ्यानेही समेट होतो.

दोष जिवावर बेतणारा असेल, जसे ब्रेक वा सुकाणूचा, तर आणखी एक मार्ग आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या ११०-अ कलमानुसार, ठराविक प्रमाणात मालकांनी असा दोष कळविल्यास केंद्र सरकार त्या प्रकारची वाहने परत बोलावण्याचा आदेश उत्पादकास देऊ शकते.

व्यापारासाठी घेतलेल्या मोटारीस मात्र ग्राहक कायद्याचे संरक्षण नाही. दहा टॅक्सी घेऊन त्यांवर पगारी चालक ठेवणारा मालक ग्राहक ठरत नाही. एकच टॅक्सी घेऊन ती स्वतः चालवून पोट भरणारा ठरतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत दोघा ग्राहकांस, टॅक्सीवाल्यास आणि गृहस्थास, सारखीच आहे. 'पुढच्या सर्व्हिसिंगला पाहू' या कार्यशाळेच्या आश्वासनाने ती थांबत नाही.