पहिल्यांदाच युरोपला निघालात? आधी औषधांची पिशवी भरा

मार्च उजाडला की आमच्या ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मे महिन्यात मुलाकडे जर्मनीला चाललोय, गोळ्या किती नेऊ?" कुणी मुलीकडे नेदरलँड्सला जातं, कुणी टूरबरोबर पंधरा दिवस स्वित्झर्लंड-इटली करतं. सोलापूरच्या उन्हातून सुटका होते, नातवंडं भेटतात. जरूर जा. पण गोळ्या किती न्यायच्या यापेक्षा त्या कुठे ठेवायच्या आणि कधी घ्यायच्या, हे जास्त महत्त्वाचं असतं.

माझ्या एका पेशंट आहेत, निवृत्त शिक्षिका. त्यांना डायबिटीस आणि बीपी दोन्ही. सगळ्या गोळ्या त्यांनी मोठ्या बॅगेत, साड्यांच्या घडीत ठेवल्या होत्या. बॅग तिसऱ्या दिवशी हातात आली. मधल्या काळात एकही गोळी पोटात गेली नाही आणि त्यांनी मुलीला सांगितलंही नाही. "तिनं एवढी सुट्टी काढली होती, तिचा हिरमोड कशाला करायचा?" डोकं जड होतं, झोप नव्हती, आणि एका जुन्या चर्चच्या पायऱ्या उतरताना तोल जाऊन मनगट मोडलं. तिथल्या डॉक्टरांनी बीपी तपासलं तेव्हा वरचा आकडा १९० होता.

युरोपात गेल्यावर कुठलातरी परका आजार होईल, अशी लोकांना भीती असते. मला काळजी असते ती वेगळीच. असलेला आजार घरी ज्या शिस्तीत सांभाळला जातो, ती शिस्त प्रवासात मोडते, आणि मोडल्याचं घरातली मोठी माणसं कुणाला सांगत नाहीत.

गोळ्या कशा न्यायच्या

सगळी औषधं विमानात सोबत असणाऱ्या छोट्या बॅगेत ठेवा. मोठ्या बॅगेत एकही नको. जितके दिवस राहणार तितक्या दिवसांच्या आणि वर आठ-दहा दिवसांच्या जास्त गोळ्या घ्या. नवरा-बायको दोघं जात असाल तर थोड्या गोळ्या जोडीदाराच्या हातबॅगेतही ठेवा.

गोळ्या स्ट्रिपमधून काढून स्टीलच्या डबीत भरण्याची आपल्याकडे सवय आहे. प्रवासात ती सोडा. गोळी कुठली हे स्ट्रिपवरूनच कळतं. कागदाच्या पुडीतली चूर्णं तर नेऊच नका, विमानतळावर ती काय आहेत हे कुणाला समजावणार?

तुमच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत एक पत्र घ्या. त्यात तुमचे आजार आणि औषधांची मूळ नावं हवीत. ब्रँडचं नाव पुरत नाही. सोलापुरातल्या मेडिकलवाल्याला डोलो म्हटलं की कळतं, पॅरिसमध्ये पॅरासिटामॉल म्हणावं लागेल. आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथल्या दुकानात चालेलच असं नाही, आणि अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, ट्रॅमाडॉल यांच्यावर तिकडे जास्त नियंत्रण आहे. ही औषधं चालू असतील तर पत्राशिवाय निघू नका, आणि त्या देशाचा नियम आधी विचारून घ्या.

घड्याळ बदलतं, मग गोळी कधी?

उन्हाळ्यात जर्मनी, फ्रान्स, इटली आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे जाताना तुमचा दिवस तेवढा लांबतो. बीपी, थायरॉईड, कोलेस्टेरॉलच्या रोजच्या गोळ्यांसाठी यात घाबरण्यासारखं काही नाही. तिथे पोचल्यावर तिथल्या सकाळी सकाळची गोळी घ्या.

डायबिटीसचं तसं नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा जेवणाआधीचं इन्सुलिन घड्याळ बघून घेऊ नका, ताट समोर आल्यावर घ्या. विमानात जेवण कधी येईल याचा भरवसा नसतो. गोळी घेऊन दोन तास उपाशी बसलात तर साखर खाली जाते. घाम फुटणं, हात थरथरणं, एकदम भूक लागणं, बोलताना गोंधळणं ही त्याची लक्षणं. खिशात ग्लुकोज पावडर किंवा साखरेच्या पुड्या असू द्या. रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन पहिल्या दिवशी किती वाजता घ्यायचं, हे निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

इन्सुलिन मोठ्या बॅगेत ठेवलं तर विमानाच्या पोटातल्या थंडीत गोठू शकतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन नंतर दिसायला ठीक वाटलं तरी टाकून द्यायचं. बर्फाच्या पिशवीला थेट चिकटवूनही ठेवू नका. हातबॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतला द्रव बऱ्याच विमानतळांवर नेता येत नाही, पण औषधांना त्यातून सूट असते. तिथेही ते पत्रच उपयोगी पडतं.

बसणं सोलापुरापासूनच सुरू होतं

चार तासांपेक्षा जास्त वेळ एका जागी बसलं की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. लोक फक्त विमानाचे तास मोजतात. सोलापूर ते मुंबई सुमारे ४०० किलोमीटर, मग विमानतळावर तीन तास, मग आठ-नऊ तासांचं विमान. पाय लोंबकळत ठेवून बसण्याचा हा वीसेक तासांचा हिशेब आहे. दर तासाला उठा. उठता येत नसेल तर टाच टेकवून पंजा वर-खाली करा. पूर्वी गुठळी झाली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना आधी भेटा. शेजाऱ्याने सांगितलं म्हणून ॲस्पिरिन सुरू करू नका.

पाणी आणि बाथरूम

याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी मुद्दाम विचारतो. युरोपात रस्त्यावरच्या बऱ्याच स्वच्छतागृहांना पैसे पडतात, शोधावीही लागतात. मग आपल्या आया-बहिणी काय करतात? सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, चक्कर. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही साखरेची गोळी, किंवा लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर शरीर लवकर कोरडं पडतं. पाणी प्या, सुटी नाणी जवळ ठेवा, आणि मुलांनो, आईला दर दोन तासांनी तुम्हीच विचारा. ती स्वतःहून म्हणणार नाही. उलट्या-जुलाब सुरू झाले तर या गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हेही डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

पाय आणि चढ

इथे दिवसभरात स्कूटरवरून भाजी आणणारी माणसं तिथे दगडी रस्त्यांवर सात-आठ किलोमीटर चालतात. नवे बूट निघायच्या आदल्या दिवशी घेऊ नका. महिनाभर आधी घ्या आणि रोज घालून फिरा. पायाला मुंग्या येत असतील, संवेदना कमी असेल तर रोज रात्री तळवे बघा. थंडी वाजते म्हणून हीटरला पाय लावून बसू नका, भाजल्याचं कळत नाही.

स्वित्झर्लंडच्या टूरमध्ये युंगफ्राउयोख असतं, ३,४५४ मीटर उंच. सोलापूर ५०० मीटरच्याही खाली. रोपवे आणि रेल्वेने माणूस तासा-दोन तासांत वर पोचतो, शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. निरोगी माणसालाही तिथे थोडी धाप लागते. हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर, जुना दमा किंवा फुप्फुसाचा आजार, रक्ताची बरीच कमतरता असेल तर वर जायचं की खालीच थांबायचं, हे सोलापुरातच ठरवा. गेलात तर सावकाश चाला, बर्फात फोटोसाठी धावू नका, आणि डोकं दुखून मळमळायला लागलं तर पुढच्या गाडीने खाली या. तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ द्या.

शेंगाचटणी चालेल, पेढे नाही

युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, तूप घरीच. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र प्रवासाला उत्तम, साखरवाल्यांनाही. फक्त चटणीत मीठ बरंच असतं. बीपीवाल्यांनी चमचाभरच.

विमा

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. व्हिसा मिळावा म्हणून सर्वांत स्वस्त पॉलिसी घेतली जाते आणि फॉर्मवर डायबिटीस, बीपी, अँजिओप्लास्टी लिहिलीच जात नाही. असं लपवलेलं दाव्याच्या वेळी उघडं पडतं आणि पैसे नाकारले जातात. सगळं लिहा. आधीपासूनच्या आजारासाठी पॉलिसी काय देते, हे एजंटला स्पष्ट विचारा. बऱ्याच पॉलिसी जिवावर बेतलं तरच देतात. विमा कंपनीचा मदत क्रमांक मोबाइलमध्ये ठेवा, आणि कागदावरही.

हे दिसलं तर लपवू नका

छातीत दाब किंवा जळजळ, जबडा किंवा डावा हात दुखणं, अचानक धाप. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. एकाच पायाची पोटरी सुजणं आणि दुखणं, हे प्रवासानंतर काही आठवड्यांनीही होऊ शकतं, म्हणजे परत सोलापूरला आल्यावरसुद्धा. पोटरीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. छाती, धाप किंवा लकव्याची लक्षणं असतील तर युरोपियन युनियनमध्ये कुठेही ११२ लावा. हा क्रमांक फुकट आहे. "ॲसिडिटी असेल, रात्री बघू" असं म्हणत हॉटेलवर पडून राहिलेले पेशंट मी नंतर पाहिले आहेत. हृदयाच्या स्नायूला रात्रभर थांबणं परवडत नाही.

त्या शिक्षिका या वर्षी पुन्हा मुलीकडे चालल्या आहेत. परवा पत्र घ्यायला आल्या, तेव्हा गोळ्यांची पिशवी गळ्यातच होती.