चालतं मशीन हलवताना: लाइव्ह मायग्रेशनचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

होस्टवर सिक्युरिटी पॅच टाकायचा आहे, पण त्याच होस्टवर चाललेली व्हर्च्युअल मशीन्स बंद करायची सोय नाही. अशा वेळी ती चालू असतानाच दुसऱ्या होस्टवर हलवतात. हेच लाइव्ह मायग्रेशन. व्हीएमवेअरनं २००३ साली व्हीमोशन बाजारात आणलं. २००५ साली केंब्रिजच्या झेन गटानं या तंत्रावरचा गाजलेला शोधनिबंध मांडला. आज केव्हीएम आणि क्यूएमू वापरणाऱ्या कोणत्याही क्लस्टरमध्ये ही रोजची गोष्ट झाली आहे.

डिस्क बहुधा शेअर्ड स्टोरेजवर असते, त्यामुळे ती हलवावी लागत नाही. सीपीयूची आणि उपकरणांची स्थिती आकारानं लहान असते. खरा भार असतो मेमरीचा, आणि तिच्याविषयीच्या काही रूढ समजुतींमुळे ऐन देखभालीच्या रात्री काम अडकतं.

गैरसमज १: मशीन क्षणभरही थांबत नाही.

वस्तुस्थिती: थांबतं, पण फार थोडा वेळ. प्रचलित प्री-कॉपी पद्धतीत सगळी मेमरी ४ केबीच्या पानांच्या रूपात पहिल्या फेरीत पाठवली जाते. तोवर मशीन चालूच असतं आणि काही पानांवर पुन्हा लिहितं. अशा पानांना डर्टी म्हणतात. दुसऱ्या फेरीत फक्त तीच पानं जातात, तिसरीत दुसरीच्या वेळी बदललेली. पेढीवर मुनीम नोंदी करत असताना शेजारी बसून त्याच खतावणीची नक्कल उतरवण्यासारखं हे काम आहे. उरलेली पानं पुरेशी कमी झाली की मशीन थांबवतात, शेवटचा हप्ता आणि सीपीयूची स्थिती पाठवतात आणि दुसऱ्या होस्टवर ते पुढे चालू करतात.

झेनच्या २००५ च्या प्रयोगात क्वेक ३ या खेळाचा सर्व्हर खेळाडू खेळत असतानाच हलवला गेला, तेव्हा हा खंड ६० मिलिसेकंदांचा होता. क्यूएमूमध्ये या खंडाची मूळ मर्यादा ३०० मिलिसेकंद आहे. मात्र ती हमी नव्हे. उरलेली मेमरी भागिले पाठवण्याचा वेग, असा तो अंदाज असतो.

गैरसमज २: जितकी रॅम मोठी तितकं मायग्रेशन अवघड.

वस्तुस्थिती: रॅमच्या आकारावर पहिली फेरी किती वेळ चालणार हे ठरतं. काम संपणार की नाही, हे ठरतं पानं बदलण्याचा वेग आणि पाठवण्याचा वेग यांच्या प्रमाणावर.

समजा, मेमरी ८ जीबी आहे, प्रत्यक्ष पाठवण्याचा वेग सेकंदाला १ जीबी आहे आणि दर सेकंदाला २५० एमबी पानं नव्यानं डर्टी होतात. पहिली फेरी ८ सेकंदांची. तोवर २ जीबी बदलले, म्हणून दुसरी २ सेकंदांची. तिच्या शेवटी ५०० एमबी उरतात. ते पाठवायला अर्धा सेकंद लागेल, म्हणजे मर्यादेबाहेर, म्हणून तिसरी फेरी. तिच्या अखेरीस १२५ एमबी उरतात. आता मशीन थांबवून ते १२५ मिलिसेकंदांत पाठवता येतात. एकूण वेळ ११ सेकंदांच्या आत. याच मशीनमध्ये पानं सेकंदाला १ जीबीहून अधिक वेगानं बदलत असती, तर कितीही फेऱ्या झाल्या तरी उरलेला आकडा खाली आला नसता.

शिवाय सगळी रॅम पाठवावी लागतेच असं नाही. निव्वळ शून्यांनी भरलेल्या पानाऐवजी फक्त ‘हे शून्य पान आहे’ एवढी छोटी खूण जाते. काही पानं, उदाहरणार्थ स्टॅक किंवा नेटवर्कचे बफर, सतत बदलत राहतात. ती प्रत्येक फेरीत पाठवणं वाया जातं. म्हणून झेनच्या गटानं चालू फेरीतच पुन्हा डर्टी झालेली पानं त्या फेरीत वगळली.

गैरसमज ३: लिंक २५ गिगाबिटची आहे, म्हणजे काळजी मिटली.

वस्तुस्थिती: लिंकचा वेग आणि मायग्रेशनचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्यूएमूमध्ये मायग्रेशनच्या बँडविड्थला मूळचाच लगाम असतो. जुन्या आवृत्त्यांत तो सेकंदाला ३२ एमबी होता, पुढे १२८ एमबी झाला. वरच्या उदाहरणातलं मशीन १२८ च्या मर्यादेवर चालवून पाहा. २५० एमबी बदलतात आणि १२८ एमबी जातात, म्हणजे २५ गिगाबिटची लिंक असूनही काम संपत नाही. मर्यादा वाढवल्यावरही एकच थ्रेड आणि एकच टीसीपी जोडणी असेल, तर एक सीपीयू कोअर पूर्ण भरतो आणि लिंक अर्धी रिकामी राहते. मल्टीएफडी वापरलं की पानं अनेक थ्रेड आणि अनेक जोडण्यांवर वाटली जातात.

गैरसमज ४: कॉम्प्रेशन लावलं की फायदाच.

वस्तुस्थिती: कॉम्प्रेशन सीपीयू खर्चून बँडविड्थ वाचवतं. लिंक अरुंद असेल तर हा सौदा परवडतो. लिंक रुंद असेल तर सीपीयूच अडसर ठरतो. एन्क्रिप्ट केलेला किंवा आधीच आकुंचित केलेला डेटा तर फारसा लहान होतच नाही.

क्यूएमूची एक्सबीझेडआरएलई ही पद्धत वेगळी आहे. ती पानाची आधीची प्रत कॅशमध्ये ठेवते आणि फक्त बदललेले बाइट पाठवते. काउंटर, निर्देशांक यांसारखे छोटे बदल वारंवार होत असतील तिथे ती उत्तम. पण पहिल्या फेरीत तिचा उपयोग नाही, आणि सतत बदलणाऱ्या पानांच्या मानानं कॅश लहान असेल तर जुनी प्रत सापडतच नाही. अशा वेळी सीपीयूचा खर्च होतो आणि बचत हाती लागत नाही.

गैरसमज ५: वेळ लागतोय, पण वाट पाहिली की संपेलच.

वस्तुस्थिती: क्यूएमूच्या मॉनिटरवर ‘इन्फो मायग्रेट’ चालवून पाहा. ‘डर्टी सिंक काउंट’ वाढत चाललाय आणि ‘रिमेनिंग रॅम’ मात्र फेरीमागून फेरी त्याच आकड्याभोवती घुटमळतोय, असं दिसलं तर वाट पाहून काही होणार नाही.

ऑटो-कन्व्हर्ज हा त्यावरचा एक उपाय. तो मशीनच्या सीपीयूला मुद्दाम आवळतो. सुरुवात २० टक्क्यांपासून होते, मग १०-१० टक्क्यांनी वाढत गरज पडल्यास ९९ टक्क्यांपर्यंत जाते. मायग्रेशन पूर्ण होतं, पण आतलं अ‍ॅप्लिकेशन मंदावतं आणि वापरकर्ता ताटकळतो. त्याऐवजी रात्रीचा बॅकअप किंवा मोठी बॅच चालू नसेल अशी वेळ निवडणं, किंवा थोडा मोठा खंड चालणार असेल तर त्याची, म्हणजे डाउनटाइमची, मर्यादा जाणूनबुजून वाढवणं अनेकदा शहाणपणाचं ठरतं.

गैरसमज ६: पोस्ट-कॉपीनं सगळे प्रश्न सुटतात.

वस्तुस्थिती: काम न संपण्याचा प्रश्न सुटतो, हे खरं. पोस्ट-कॉपीत मशीन आधी नव्या होस्टवर सुरू होतं आणि पानं मागाहून येतात. पान एकदाच जातं, म्हणून शेवट निश्चित असतो. त्यासाठी लागणारं यूझरफॉल्टएफडी २०१५ साली लिनक्स ४.३ मध्ये आलं आणि क्यूएमू २.५ मध्ये पोस्ट-कॉपी वापरता येऊ लागलं.

पण न आलेल्या पानाला मशीननं हात लावला की ते पान नेटवर्कवरून येईपर्यंत थांबावं लागतं. आणि धोका मोठा आहे. त्या काळात मशीनची स्थिती दोन होस्टांवर विभागलेली असते. दोघांपैकी एक बंद पडला तर मशीन गेलं. नुसतं नेटवर्क तुटलं तर नव्या आवृत्त्यांत थांबून पुन्हा जोडता येतं. प्री-कॉपीत मात्र जुनी प्रत शेवटपर्यंत शाबूत असते, मायग्रेशन फसलं तरी मशीन जिथे होतं तिथेच चालत राहतं. म्हणून आधी प्री-कॉपीची एक फेरी आणि मग पोस्ट-कॉपी, असा मेळ घालतात.

गैरसमज ७: नेटवर्क आतलंच आहे, एन्क्रिप्शन कशाला?

वस्तुस्थिती: मेमरीत पासवर्ड, गुप्त किल्ल्या, ग्राहकांची माहिती असं सगळं उघड्या स्वरूपात असतं. वाटेत बसलेला हल्लेखोर ही मेमरी वाचू शकतो, बदलूही शकतो, हे मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ सालीच करून दाखवलं. टीएलएस वापरलं की सीपीयूचा खर्च वाढतो, पण मल्टीएफडीच्या अनेक थ्रेडांवर तो वाटला जातो. वेग वाचवण्यासाठी ग्राहकांची गुपितं पणाला लावू नयेत.

या सगळ्याचं सार एकच: वेगानं पाठवणं आणि कमी पाठवणं, दोन्ही हवं, आणि त्यातलं कुठलं कमी पडतंय हे मोजल्याशिवाय कळत नाही. मायग्रेशन सुरू न करताही डर्टी होण्याचा वेग मोजणारा ‘कॅल्क-डर्टी-रेट’ हा आदेश क्यूएमूमध्ये आहे. देखभालीच्या आदल्या दिवशी, त्याच वेळेला, तो चालवा. येणारा आकडा प्रत्यक्ष मिळणाऱ्या बँडविड्थशी ताडून पाहा. तो बराच कमी असेल तर साधं प्री-कॉपी पुरेल. जवळपास असेल तर मल्टीएफडी किंवा एक्सबीझेडआरएलई तपासा. जास्त असेल तर पोस्ट-कॉपीचा धोका पत्करायचा की वेळ बदलायची, हा निर्णय मशीनच्या मालकाला विचारून आदल्या दिवशीच घ्या.