परदेशीपुऱ्यातून आलेला प्रश्न : ‘पॅरालीगल’चा कोर्स केला तर पुढे काय?

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातून मागच्या आठवड्यात एका वाचकाचा फोन आला. घर मराठी, मूळ गाव रावेरकडचं. वडील मिलमध्ये कामाला लागले आणि कुटुंब तिकडचंच झालं. “भाऊ, पोरगी बी.कॉम. झाली. इथं एका ठिकाणी वर्षभराचा पॅरालीगलचा कोर्स आहे. कोर्टात काम मिळेल म्हणतात. फी भरू का?”

मीही कॉमर्सचाच. आमच्या वेळी बी.कॉम.नंतर टॅली, बँकेची परीक्षा नाहीतर सी.ए.च्या ऑफिसात उमेदवारी, एवढेच रस्ते माहीत होते. आता हा नवा शब्द आलाय आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना त्याच्या जाहिराती दिसतात. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं जमलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी शब्दाचा अर्थ

पॅरालीगल म्हणजे वकील नव्हे. वकिलाच्या, कंपनीच्या किंवा संस्थेच्या कायदेशीर कामात मदत करणारा प्रशिक्षित माणूस. कागदपत्रं गोळा करणं, अर्जाचा मसुदा करणं, तारखा सांभाळणं, नकला काढणं, पक्षकाराला कुठल्या कार्यालयात जायचं ते सांगणं, ही त्याची कामं. अमेरिकेत या कामाचे पदवी अभ्यासक्रम आहेत आणि तिथली वकिलांची राष्ट्रीय संघटना अशा अभ्यासक्रमांना मान्यता देते. आपल्याकडे पॅरालीगलला कुठली सनद नाही, परवाना नाही. त्यामुळे “हा कोर्स केला की कोर्टात उभं राहता येतं” असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरावं.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार वकिली करण्याचा हक्क फक्त नोंदणीकृत वकिलाला आहे. हक्क नसताना न्यायालयात वकिली केली तर ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विशिष्ट प्रकरणात न्यायालय दुसऱ्या एखाद्याला बाजू मांडायची परवानगी देऊ शकतं, पण ती न्यायालयाची मर्जी, कोर्सच्या प्रमाणपत्राचा हक्क नव्हे.

मग गरज आहे का? परदेशीपुऱ्यालाच विचारा

गरज आहे, आणि ती परदेशीपुऱ्याच्या आसपास राहणाऱ्यांना समजावून सांगावी लागत नाही. हा सगळा पट्टा गिरण्यांचा. मालवा मिल, कल्याण मिल, राजकुमार मिल, हुकुमचंद मिल. यातली हुकुमचंद मिल १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, नंतर अवसायनात निघाली. कामगारांची देणी अडकली ती तीस वर्षांहून जास्त काळ. अखेर २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश अवसायक आणि कामगार संघटनांच्या प्रतिनिधींकडे देण्यात आला. लाभ मिळणारे कामगार सुमारे ४,८०० सांगितले गेले.

वकिलांनी, संघटनांनी न्यायालयात लढा दिला. पण तीस वर्षांत माणसं म्हातारी होतात, जातात, पत्ते बदलतात. मिलच्या रजिस्टरात नाव एक, आधारवर दुसरं. नवरा गेला, वारस कोण याचा कागद नाही. मुलगी लग्न होऊन जळगावला गेली, आडनाव बदललं. असा दावा कायद्याच्या मोठ्या मुद्द्यावर अडत नाही, एका स्पेलिंगवर आणि एका दाखल्यावर अडतो. तो कागद नीट करून देणारा माणूस म्हणजे पॅरालीगल. कोर्सची खरी किंमत यावरून ठरवावी.

अभ्यासक्रमात काय असतं, काय असावं

एक ओळखीचं उदाहरण म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, म्हणजे इग्नूची, पॅरालीगल प्रॅक्टिसमधली पदविका. बारावी उत्तीर्णांसाठी, किमान एक वर्षाची. भारतीय न्यायव्यवस्थेची ओळख, कायद्याची ओळख, दुर्बल घटक आणि कायदा, ग्रामीण स्थानिक स्वराज्य असे विषय आणि जोडीला प्रकल्पाचं काम. यंदा प्रवेश सुरू आहे का, माध्यम कोणतं, हे चालू माहितीपत्रकात बघून घ्यावं.

खासगी संस्थेचा कोर्स असेल तर तिचा अभ्यासक्रम मागून घ्या आणि त्यात या गोष्टी आहेत का बघा.

एक, नवे फौजदारी कायदे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि साक्ष्य कायदा यांची जागा भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम यांनी घेतली. जुन्या प्रकरणांपुरते जुने कायदे कळायला हवेत, पण पुस्तकात फक्त ४२० आणि ३०२च असेल तर ते पुस्तक शिळं आहे.

दोन, तारखा मोजणं. कॉमर्सवाल्यांना जवळचं उदाहरण चेक बाऊन्सचं. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची. ती समोरच्याला मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस. तेही गेले की एक महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार. यातला एक टप्पा चुकला की बाजू खरी असूनही प्रकरण लंगडं होतं. हे गणित हातानं करून घेतलं पाहिजे.

तीन, ऑनलाइन काम. प्रत्येक खटल्याला १६ अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर टाकला की पुढची तारीख, आदेश घरबसल्या दिसतात. हे येत नसेल तर नुसत्या कलमांच्या पाठांतराचा उपयोग नाही.

चार, गुप्तता. पक्षकाराचा कागद मोबाइलवर कुणाला पाठवायचा नाही, हे पहिल्या दिवशी शिकवायला हवं.

फी न भरता शिकायचा रस्ता

हा रस्ता जाहिरातीत दिसत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि राष्ट्रीय प्राधिकरणानं २००९ मध्ये पॅरालीगल व्हॉलंटियरची योजना आणली. दहावीपर्यंत शिकलेल्यालाही यात अर्ज करता येतो. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी कार्यकर्त्या, कायद्याचे विद्यार्थी यांना प्राधान्यानं बोलावतात. निवड झाली की प्रशिक्षण प्राधिकरणच देतं, त्याची फी नाही.

मात्र हे स्वयंसेवेचं काम आहे. मानधन मिळतं ते काम केलेल्या दिवसाचं, पगार नाही, आणि ज्याला मदत केली त्याच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. कायदा मदत केंद्रात बसणं, तुरुंगात जाऊन कच्च्या कैद्यांचे अर्ज लिहिणं, लोकअदालतीची माहिती देणं अशी कामं असतात. हरवलेल्या मुलांच्या तक्रारी नीट नोंदल्या जाव्यात म्हणून पोलीस ठाण्यात असे स्वयंसेवक असावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं. वर्षभर हे काम केलेली मुलगी वकिलाच्या ऑफिसात गेली तर तिला पहिल्या दिवसापासून काम समजतं.

जाता जाता वाचकांसाठी : महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतले लोक आणि औद्योगिक कामगार यांना याच कायद्यानं मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन १५१००. परदेशीपुऱ्यातल्या कितीतरी घरांना यातली एक तरी ओळ लागू पडते.

सीमेवरच्या मराठी माणसाचा खास विषय : शब्द

आता असा मुद्दा, जो कुठल्या अभ्यासक्रमात सापडणार नाही. इंदूर-इच्छापूर रस्त्यानं बऱ्हाणपूर ओलांडलं की लिपी तीच राहते, शब्दांचे अर्थ बदलतात.

मध्य प्रदेशच्या न्यायालयात ‘राजीनामा’ झाला म्हणजे पक्षकारांची तडजोड झाली. आपल्याकडे राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. तिकडच्या नोटिशीत ‘आपत्ति’ मागवली असेल तर ती आपली ‘हरकत’. संकट नव्हे. ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती. ‘शपथपत्र’ म्हणजे आपलं प्रतिज्ञापत्र. जमिनीच्या कागदात तिकडे खसरा, नामांतरण आणि पटवारी. इकडे सातबारा, फेरफार आणि तलाठी.

एखाद्या माणसाचं इंदूरला निधन झालं, बँकेतली ठेव जळगावला आणि शेत रावेरला. ठेवीसाठी बँकेनं वारसा प्रमाणपत्र मागितलं, तर भारतीय वारसा अधिनियम, १९२५ खाली इंदूरच्या न्यायालयातून मिळालेलं प्रमाणपत्र जळगावलाही चालतं. पण ते येणी आणि रोख्यांपुरतंच. शेताची वारस नोंद रावेरच्या तलाठ्याकडेच करावी लागते. हा फरक माहीत नसल्यानं माणसं लांबच्या फेऱ्या मारतात. दोन्ही भाषा, दोन्हीकडचे कागद ओळखणारी मुलगी दोन्ही राज्यांत उपयोगी पडते. परदेशीपुऱ्यातल्या मराठी घरातली मुलगी यात इतरांपेक्षा एक पाऊल पुढेच आहे.

फी भरण्याआधी चार प्रश्न

१) प्रमाणपत्र कुणाचं? विद्यापीठाचं की फक्त संस्थेचं? दूरस्थ कोर्स असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यतेच्या यादीत नाव आहे का?

२) प्रत्यक्ष काम किती दिवस, आणि कुणाच्या ऑफिसात? पत्ता मागा.

३) आधीच्या बॅचमधल्या दोघा-तिघांशी बोलता येईल का?

४) ‘नोकरीची हमी’ लेखी देताय का? इथं बहुतेक जण गप्प होतात.

आणि मुलीला खरोखर वकील व्हायचं असेल तर पॅरालीगल हा जवळचा रस्ता नाही. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. नियमित कॉलेजातूनच करावं लागतं. टपालानं केलेल्या पदवीवर सनद मिळत नाही. सर्वसाधारण प्रवर्गाला पदवीत किमान ४५ टक्के हवेत.

रविवारी त्यांना परत फोन लावला. म्हटलं, दादा, फी आत्ताच भरू नका. आधी पोरीला जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात पाठवा, व्हॉलंटियरची निवड कधी आहे ते विचारू द्या. पदवीत किती टक्के आहेत तेही बघा. ते थोडं थांबून म्हणाले, “आमच्या आईचे मिलचे कागद तिनंच जमवले होते. तिला ते काम आवडलं होतं.”

मग अर्धा कोर्स तर तिचा घरातच झालाय.