कशापासून मोजलं? : छोट्या होडीवरची उपकरणं

मंडळी, आजचा विषय जाहीर झाल्यावर एका श्रोत्यानं विचारलं, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला होडीवर यंत्रं बसवण्याचं काय पडलंय? त्याचं असं झालं, की आमच्या एका स्नेह्यांनी निवृत्तीनंतर बावीस फुटी शिडाची होडी घेतली आणि उपकरणं बसवायला मदतनीस म्हणून आम्हाला धरलं. त्या कामात आम्ही एकदा फसलो. म्हणजे अक्षरशः चिखलात फसलो. तिथूनच सुरुवात करू.

पाण्याची खोली मोजणारं जे यंत्र असतं, त्याचा संवेदक होडीच्या तळाशी बसतो. तो ध्वनीचा ठोका खाली सोडतो आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. फायबरची होडी असेल आणि तळ भरीव असेल तर भोक पाडावं लागत नाही, संवेदक आतूनच चिकटवता येतो. मात्र मध्ये हवेचा बुडबुडा राहिला की ध्वनी तिथंच अडतो. म्हणून आधी पाणी भरलेली प्लास्टिकची पिशवी तळावर ठेवायची, तिच्यावर संवेदक टेकवायचा, जागा नीट वाचते का बघायचं, आणि मगच चिकटवायचं. हे सगळं आम्ही अगदी मन लावून केलं.

पुढे एका संध्याकाळी धरमतर खाडीत ओहोटी लागलेली. पडद्यावर ०.९ मीटर. स्नेही म्हणाले, "अजून दोन हात पाणी आहे." आणि होडी थांबली. सहा तास! थर्मासमधला चहा पहिल्या तासातच संपला.

यंत्र खोटं बोललं का? मुळीच नाही. आमचा संवेदक पाण्याच्या पृष्ठाखाली ०.३ मीटरवर होता, आणि होडीची कील पृष्ठापासून १.२ मीटर खाली जाते. यंत्र स्वतःपासून तळ मोजत होतं; आम्ही तो आकडा कीलपासूनचा समजलो. ०.९ म्हणजे आमच्यासाठी शून्य होतं. आकडा बरोबर, पण 'कशापासून?' हा प्रश्न विचारायचा राहिला. आयुष्यभर विद्यार्थ्यांना आम्ही हाच प्रश्न विचारायला शिकवलं, हे वेगळं सांगायला नको.

यंत्रात हा फरक भरण्याची सोय असते. आमच्या बाबतीत उणे ०.९ भरलं की कीलखाली किती पाणी उरलं ते कळतं. अधिक ०.३ भरलं तर पृष्ठापासूनची खोली मिळते. ती नकाशातल्या खोलीशी, भरतीची उंची धरून, ताडून पाहता येते. मुंबईकडे उधाणाला भरती-ओहोटीचा फरक चार मीटरच्या वर जातो, तेव्हा ही ताडणी महत्त्वाचीच. आम्हाला पहिली पद्धत पटते, स्नेह्यांना दुसरी. कोणतीही घ्या, पण कोणती घेतली ते पडद्याशेजारी चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

होकायंत्राचं प्रकरण अधिक अवघड. खोलीतली चूक कायम तेवढीच राहते. होकायंत्राची चूक होडी वळली की बदलते. इंजिनाचं लोखंड, स्पीकरमधलं चुंबक, बॅटरीच्या तारा, सगळे सुईला आपल्याकडे ओढतात. इथे एक इतिहास आठवतो. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या नोंदी बिघडणार हे दिसू लागलं, आणि नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं गेलं. चुंबकाला न लागणारं साहित्य वापरून तिथं इमारत उभारली. मुख्य म्हणजे दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे दोन जागांतला फरक कळावा. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली.

होडीवर आपण वेगळं काय करतो? जागा ठरवताना होकायंत्र नुसतं टेकवून एकेक उपकरण चालू-बंद करायचं. सुई हलली तर एकाला तिथून हलवायचं. जवळून जाणाऱ्या बॅटरीच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून न्यायच्या, म्हणजे त्यांचे परिणाम एकमेकांना मारतात. यंत्रावरची खूण कीलच्या रेषेशी समांतर हवी. खिशातला मोबाईल दूर. मग शांत पाण्यात होडी आठ दिशांना वळवून, नकाशावरून माहीत असलेल्या दिशांशी तुलना करून चुकांचा तक्ता करायचा. मुंबईजवळ चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशाभराचाही फरक नाही, तेवढं गणित वाचतं.

जीपीएसबद्दल थोडक्यात. होकायंत्र सांगतं होडीचं तोंड कुठं आहे; जीपीएस सांगतो होडी प्रत्यक्षात कुठं सरकतेय. प्रवाह आडवा असेल तर दोन्ही आकडे वेगळे आणि दोन्ही खरे. होडी नांगरावर असताना मात्र जीपीएसचा दिशेचा बाण वाटेल तसा फिरतो. त्याला दिशा कळते ती हालचालीतूनच.

आमचा तक्ता होकायंत्राशेजारी लावलेला आहे. मागच्या महिन्यात स्नेह्यांनी चहासाठी लोखंडी स्टोव्ह बसवला, तोही होकायंत्रापासून हातभर अंतरावर. तेव्हा रविवारी पुन्हा आठ दिशा फिरायच्या आहेत.