पीक कापणी प्रयोगातील विसंगत आकडा

पीक कापणी प्रयोगात १० × ५ मीटरच्या प्लॉटमधील किलोच्या आकड्यास २०० ने गुणले असता हेक्टरी उत्पादन मिळते. समजा, गावातील बाजरीच्या इतर प्लॉटांत सुमारे ६ किलो धान्य निघाले. एकात मात्र १२ किलो. असा आकडा खोडू नये. त्याचे कारण शोधावे. आकडा नेमका दुप्पट असल्यास प्रथम खुंटांमधील अंतर पुन्हा मोजावे. प्लॉट १० × १० मीटरचा आखला गेला असेल. वाढ थोडी असल्यास धान्य ओले असता तोलले काय, ते पाहावे. मोजमाप निर्दोष ठरल्यावरच पाणी, खत व वाण यांची चौकशी करावी. चुकीच्या आकड्याने गावाची सरासरी फुगते आणि नुकसान सोसलेला शेतकरी विम्याच्या भरपाईस मुकू शकतो, हे ध्यानी ठेवावे.